साहेब, वॉरंट फोनवर द्या, पण दार वाजण्याआधी द्या

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
प्रत: मा. रजिस्ट्रार जनरल, मुंबई उच्च न्यायालय

विषय: झडतीचे वॉरंट फोनवरून मिळण्याबाबत

महोदय,

मी नाशिकला सीबीएसजवळ (मध्यवर्ती बस स्थानकाजवळ) कोर्टाबाहेर टायपिंग करतो. २७ वर्षे झाली. आधी गोदरेजचे मराठी मशीन होते, आता लॅपटॉप आहे आणि पावसाळ्यात कागद ओढायला कुरकुर करणारा प्रिंटर आहे. माझ्याकडे वकील येतात, पक्षकार येतात आणि ठाण्यातला प्रिंटर बंद पडला की पोलीसही येतात. त्यांच्यासाठी मी 'झडती' नावाची एक फाइल करून ठेवली होती. माणूस घाईत असायचा. नाव, पत्ता, गुन्हा रजिस्टर नंबर आणि तारीख एवढेच बदलायचे, बाकी मजकूर ठरलेला: 'सदर इसमाचे राहते घरात गुन्ह्यातील मुद्देमाल लपवून ठेवला असल्याबाबत गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली असून...' चार मिनिटांत काम उरकायचे. पुढे कोणीतरी ती फाइल पेन ड्राइव्हवर मागून नेली. मग आणखी कोणीतरी नेली. आपले अक्षर सरकारी कागदावर फिरते आहे म्हणून मला तेव्हा बरेच वाटले होते.

या फाइलकडे परत येतो. आधी मुद्द्याचे बोलतो.

आवारातल्या चहाच्या टपरीवर पोलीस मंडळींची एक तक्रार हमखास कानावर पडते. वॉरंट मागायला कोर्टात यायचे, दंडाधिकारी साहेब डायसवर, बोर्ड म्हणजे दिवसाच्या खटल्यांची यादी मोठी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिष्ठत थांबायचे, आणि तोवर माल द्वारका चौक ओलांडून हायवेला लागलेला. हेच काम फोनवर झाले तर काय बिघडते, असा त्यांचा सवाल. वकील मंडळींपुढे हा विषय काढला की ते अंगावर येतात. म्हणतात, आधीच पोलीस वाटेल तेव्हा घरात शिरतात, त्यात आता फोनवरची परवानगी! मी दोन्ही बाजूंचे अर्ज टाइप करतो, त्यामुळे सहसा मत देत नाही. या बाबतीत देतो. फोनवर वॉरंट मिळालेच पाहिजे. माझे कारण मात्र पोलिसांना आवडेलच असे नाही.

लोकांचा समज असा, की पोलीस झडतीला येतात ते खिशात वॉरंट घालून. प्रत्यक्षात माझ्यासमोर झडतीचे जेवढे कागद येतात, त्यातल्या बहुतेकांत वॉरंट नसतेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले कलम १८५ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले १६५) तपास अधिकाऱ्याला मुभा देते: वस्तू विनाविलंब दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही असे सबळ कारण असेल, तर ते कारण केस डायरीत लिहायचे, काय शोधतो आहोत ते शक्य तेवढे नमूद करायचे आणि वॉरंटशिवाय झडती घ्यायची. नव्या कायद्याने यात दोन गोष्टी घातल्या. झडतीचे चित्रीकरण करायचे, तेही शक्यतो मोबाइलवर. आणि त्या नोंदीची प्रत तातडीने, फार तर ४८ तासांत, जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. जुन्या कायद्यात नुसते 'तातडीने' होते. आमच्याकडच्या सरकारी कामात 'तातडीने' म्हणजे किती, हे आपणास सांगायला नको.

म्हणजे दंडाधिकारी चित्रात येतात ते घर उलथेपालथे करून झाल्यावर. ही वाट कायद्याने अपवाद म्हणून ठेवली. तिचा राजमार्ग झाला तो एका वाक्याच्या जोरावर: वॉरंट आणायला वेळ नव्हता. ते वाक्य माझ्या फाइलमध्येही आहे, तिसऱ्या परिच्छेदात.

माझी मोठी बहीण सिडकोत राहते. मेहुणे सातपूरच्या एका कंपनीतून रिटायर झालेले, दोघेच असतात. मागच्या हिवाळ्यात एका रात्री पावणेदोनच्या सुमारास बेल वाजली. दारात सहा जण, त्यातले चार गणवेशात. ठाण्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार एका ठाण्याची नाही. वॉरंट आहे का, हे विचारायचे मेहुण्यांना सुचले नाही. अशा वेळी कोणालाच सुचत नाही. चोरीचे दागिने शोधायचे आहेत, एवढेच सांगितले गेले. पोह्याचा डबा परातीत रिकामा झाला, देवघराचा खण निघाला, दिवाणातली गोधडीन्‌गोधडी बाहेर आली. ताईच्या पाटल्या कपाटात सापडल्या, तर पावती मागितली. लग्न १९८४ चे. पावती ज्या सोनाराची असती, त्याचे दुकान जाऊन तिथे आता मोबाइलची शोरूम आहे.

पंच म्हणून आणलेली दोन पोरे सोसायटीतली तर नव्हतीच, त्या गल्लीतलीही नव्हती. कलम १०३ म्हणते, पंच त्याच परिसरातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हवेत. पण रात्री दोनला प्रतिष्ठित रहिवाशाला उठवण्यापेक्षा बरोबर घेऊन येणे सोपे. त्या पोरांना मी दोष देत नाही, एक तर उभ्याउभ्या झोपत होता, असे ताई सांगते.

अर्ध्या तासाने फौजदारांनी हॉलमध्येच कोणाला तरी फोन लावला. ताईला त्यांचे एकच वाक्य नीट आठवते: "बी? अरे, बी म्हणतोस का डी?"

ताईचे घर डी विंगमध्ये आहे.

'काही एक मिळून आले नाही' असा पंचनामा झाला, मेहुण्यांनी सही केली. जाताना एक हवालदार "माफ करा मावशी" म्हणाला आणि पाणी पिऊन गेला. सकाळी जिना उतरताना शेजाऱ्यांनी ताईकडे कसे पाहिले, ते ती अजून बोलून दाखवत नाही.

कलम १८५ मध्येच एक तरतूद आहे, जी फार कमी लोकांना ठाऊक असते: ज्याच्या घराची झडती झाली त्याने अर्ज केला, तर दंडाधिकाऱ्यांकडे आलेल्या नोंदीची प्रत त्याला विनामूल्य मिळते. अर्ज मीच टाइप केला. दोन-तीन खेपांनंतर प्रत हातात आली. बातमी मिळाल्याची वेळ १८.१०. झडती सुरू झाल्याची वेळ ०१.४०. आणि खाली: 'वॉरंट प्राप्त करण्याइतका अवधि नसल्याने...'

साडेसात तास होते साहेब. संध्याकाळी सहाला कोर्ट उठलेले असते हे मान्य. पण साहेबांचे निवासस्थान शहरातच असते आणि अटकेनंतरचे चोवीस तास संपत आले की रिमांडसाठी आरोपीला रात्री बंगल्यावर नेतातच. नोंद मी दोनदा वाचली ती मात्र दुसऱ्याच कारणासाठी. 'अवधी'तला 'धी' दीर्घ आहे. ऱ्हस्व काढायची खोड माझी, मशीनच्या काळापासूनची. ती नोंद माझ्याच फाइलमधून निघाली होती.

त्या रात्री सव्वासहाला एक फोन झाला असता, तर काय झाले असते? समोरचा दंडाधिकारी फार हुशार असण्याची गरज नव्हती. त्याने नुसते चार प्रश्न विचारायचे होते. बातमीदाराने स्वतः पाहिले की ऐकले? घरात कोण राहते, याची खात्री केली का? नेमके काय शोधणार? रात्रीच का? माझ्या फाइलमधल्या कागदाला हे प्रश्न विचारता येत नाहीत. कागद 'खात्रीलायक' म्हणतो आणि गप्प बसतो. बोलणाऱ्या माणसाला मात्र "कशावरून?" म्हटले की काहीतरी उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तराच्या शोधात कदाचित बी विंग सापडते.

मला फोन हवा आहे तो यासाठी. पोलिसांचा वेळ वाचतो हा फायदा आहेच, आणि तो लहान नाही. आमच्या जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचा माल उचलून, चेक देऊन, रातोरात गाळा रिकामा करणारे व्यापारी दर दोन-चार हंगामांनी निघतात. तिथे हिशेबाच्या वह्या सकाळपर्यंत जागेवर राहत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी येऊन नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडी या अमली पदार्थाचा कारखाना पकडला, तेव्हा आम्ही नाशिककर मान खाली घालून बातम्या वाचत होतो. असल्या ठिकाणी कागद घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणे हा शहाणपणा नव्हे. पण अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम ४२ काय म्हणते तेही पाहा. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती घ्यायची, तर वॉरंट मिळवेपर्यंत माल लपवायला किंवा आरोपीला पळायला संधी मिळेल असे अधिकाऱ्याला सकारण वाटले पाहिजे, आणि ते कारण त्याने लिहिले पाहिजे. १९८५ चा कायदा आहे हा. तेव्हा वॉरंट मिळवायचे म्हणजे जीप काढायची. वॉरंट दहा मिनिटांच्या फोनवर मिळू लागले, की 'संधी मिळेल' हे कारण बऱ्याच प्रकरणांत उरणार नाही.

म्हणून माझी पहिली विनंती: फोनची सोय केलीत, तर कलम १८५ च्या नोंदीत एक रकाना वाढवा. 'दंडाधिकाऱ्यांना फोन केला का? किती वाजता? केला नसल्यास का नाही?' ही सोय हाताशी ठेवूनही जुनी पळवाट तशीच उघडी ठेवायची असेल, तर राहू द्या, आहे ते बरे आहे.

हे काही जगावेगळे मागणे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने फोनवरचे वॉरंट १९७० मध्ये सुरू केले, त्यांच्या केंद्रीय नियमांत ते १९७७ मध्ये आले, कॅनडाने १९८५ मध्ये कायद्यात घातले. अमेरिकेची १९७७ ची रीत मला टायपिस्ट म्हणून फार आवडली. अधिकाऱ्याने वॉरंटचा मजकूर आधी आपल्या कागदावर पूर्ण लिहायचा. मग फोनवर तो शब्दशः वाचून दाखवायचा. पलीकडे दंडाधिकाऱ्याने तोच मजकूर शब्दशः आपल्या कागदावर उतरवायचा, हवा तिथे बदल सांगायचा. अधिकाऱ्याने शपथेवर बोलायचे, आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करायचे, यंत्र नसेल तर हाताने लिहून घ्यायचे. मोबाइल तर सोडाच, धड फॅक्सही नव्हते तेव्हाची ही गोष्ट.

आपल्याकडे नवा कायदा करावा लागेल असेही नाही. संहितेचे कलम ५३० म्हणते की वॉरंट काढणे, बजावणे, अमलात आणणे हे सगळे इलेक्ट्रॉनिक माध्यमातून करता येईल. दुसरीकडे, झडतीचे वॉरंट अटकेच्या वॉरंटसारखेच लेखी, न्यायाधीशाच्या सहीचे आणि कोर्टाच्या शिक्क्याचे असले पाहिजे, ही अट कायम आहे. दोन्हींचा मेळ घातला तर अर्थ सरळ निघतो: बोलणे फोनवर व्हावे, पण वॉरंट लेखीच निघावे, डिजिटल सहीने. "साहेबांनी हो म्हटलंय" हे वॉरंट होऊ शकत नाही. अडले आहे ते नियमांवाचून, आणि ते आपण आणि उच्च न्यायालयाने मिळून करायचे आहेत.

आता भीती कुठे आहे ते सांगतो.

सगळ्यात मोठी भीती झोपेची. दिवसभर बोर्ड चालवून थकलेल्या माणसाला रात्री दोनला उठवले, तर तो 'ठीक आहे' म्हणेल. म्हणून दंडाधिकाऱ्याने परवानगीचे, नाहीतर नकाराचे कारण स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिहावे. त्याचा नमुना कृपया कोणी तयार करू नये. सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी जशी पाळी लावलेली असते, तशी रात्रीच्या फोनसाठी लावावी, म्हणजे जागे राहणे हे त्या रात्रीचे कामच असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याच माणसाला डायसवर बसवले जाणार नाही. पाळीमुळे आणखी एक गोष्ट टळेल. कोणते साहेब सढळ आणि कोणते कडक, हे आवारात सगळ्यांना पाठ असते. एकाने नकार दिला की दुसऱ्याला फोन, असे होऊ नये. नकाराचीही नोंद राहावी, आणि पुन्हा मागायचे असेल तर आधीचा नकार आधी सांगावा लागावा.

दुसरी भीती बी आणि डीची. फोनवर 'ब' आणि 'ड' सारखेच ऐकू येतात, 'सात' आणि 'साठ' सारखे ऐकू येतात, आणि नाशिकमध्ये 'गणेश अपार्टमेंट' किती आहेत हे पोस्टमनलाही सांगता येणार नाही. पत्ता लिहून पाठवलाच पाहिजे आणि तोंडाने 'बदकातला ब' असा वाचून दाखवलाही पाहिजे. हसू नका साहेब. माझ्या बहिणीच्या घरात पोह्यांचा डबा उपडा झाला तो एवढ्याशा गोष्टीपायी.

बोलण्याचे ध्वनिमुद्रण पोलिसांच्या मोबाइलवर न राहता थेट कोर्टाकडे जमा व्हावे. कलम १०५ मध्ये झडतीचे चित्रीकरण आहेच. ते दार उघडल्यापासून सुरू होते, त्याच्या आधीचा फोन हा त्याचाच पहिला भाग धरावा. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर नेटवर्क नसते ही खरी अडचण आहे. तिथे बिनतारी संदेशावरून बोलून नियंत्रण कक्षाने फोन जोडून द्यावा, किंवा सावळघाटात जिथे रेंज मिळते तिथे गाडी थांबवावी. गावकरी रोज तेच करतात.

तिसरी गोष्ट दारातल्या माणसाची, आणि ती मला जास्त छळते. गेली दोन-तीन वर्षे पोलीसच आम्हाला बजावतात की फोनवर वॉरंट आले तर विश्वास ठेवू नका, 'डिजिटल अरेस्ट' असे काही नसते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितले. माझ्याच गिऱ्हाइकांतले एक निवृत्त मास्तर व्हिडिओ कॉलवरच्या वर्दीला घाबरून एफडी मोडायला निघाले होते. अशा दिवसांत 'फोनवरचे वॉरंट' ही बातमी पेपरात आली, की चोरांच्या हाती आयते कोलीत. म्हणून सोय जाहीर करतानाच मोठ्या अक्षरांत सांगा: वॉरंट फोनवर मिळते ते पोलिसांना, घरमालकाला कधीही नाही. घरमालकाच्या हातात कागदच पडला पाहिजे, त्याच्या भाषेत, दाराच्या बाहेर उभे राहून. गाडीत छोटा प्रिंटर ठेवा, वाहतूक पोलीस दंडाची पावती काढतात तसला. कागदावर वॉरंटचा क्रमांक असावा आणि ११२ ला फोन करून तो खरा आहे का, एवढे विचारता यावे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावायला मनाई केली. साध्या नोटिशीची ही कथा, तर रात्री दोनच्या झडतीचे काय!

मोबाइल जप्त करण्याबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल. इथे एवढेच, की वॉरंटात 'मोबाइल' असा एक शब्द लिहून अख्खे आयुष्य उघडता येऊ नये. त्यातले काय पाहायचे तेही लिहावे.

हे सगळे आत्ताच का? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, दुसरे ३१ ऑगस्टला, तिसरे सप्टेंबरच्या ११ आणि १२ तारखेला. २०१५ चा मागचा कुंभ मी पाहिला आहे. पर्वणीच्या दिवशी पंचवटीतून सीबीएसला यायचे म्हणजे पायी, तेही बॅरिकेडवरच्या माणसाने सोडले तर. राज्यभरातून बंदोबस्ताला पोलीस येणार, त्यांना इथली गल्ली माहीत नसणार. धर्मशाळा, लॉज, आखाड्यांचे तंबू गच्च भरलेले. खिसेकापू, हरवलेली मुले, बनावट पास, घातपाताच्या बातम्या, सगळे एकदम. त्या दिवसांत 'वॉरंट आणायला वेळ नव्हता' हे वाक्य अगदी खरे असेल, आणि खरे असल्यामुळेच हजारदा वापरले जाईल. त्याआधी नाशिक जिल्ह्यात ही पद्धत वर्षभर चालवून पाहावी. यंत्रणा उभी राहते आहेच, त्यात पाळीवरचा एक दंडाधिकारी आणि एक नंबर बसवायला फार खर्च येऊ नये.

राहता राहिली माझी फाइल. लॅपटॉपवरून मी ती काढून टाकली. पण किती पेन ड्राइव्हवर, किती ठाण्यांच्या संगणकांवर ती अजून आहे, ते मला माहीत नाही. आपल्या विभागाकडे झडतीच्या नोंदी तपासणीला आल्या आणि कुठे 'अवधि' असा ऱ्हस्व शब्द दिसला, तर ती माझी चूक समजावी, आणि वरच्या दोन वेळांमध्ये किती तास आहेत तेवढे मोजून पाहावे.

आपला नम्र,
कोर्टाबाहेरचा एक टायपिस्ट
सीबीएस, नाशिक